तात्यांची जवारी

आमच्या गल्लीत सकाळी नऊ-साडेनऊला दुकानं उघडली की दहा-बारा तानपुरे एकदमच लावायला घेतले जायचे, आणि त्यांतला एकही शेजारच्याशी जुळायचा नाही. एकाचा षड्ज काळी एकला, दुसऱ्याचा पांढरी पाचला, तिसऱ्याची तार नवी म्हणून सारखी उतरतेय आणि तो खुंटी पिळतोय. बाहेरगावचा माणूस मिरजेत पहिल्यांदा आला की गल्लीच्या तोंडाशी उभा राहून म्हणायचा, काय सुरेल गाव आहे हो! आम्हाला विचारा. तोंड धुताना, चहा पिताना, गणितं सोडवताना सगळीकडून सूर, आणि सगळे वेगवेगळे. दुपारी जेवणं झाली की गल्ली झोपायची. मग कान इतके मोकळे व्हायचे की स्टेशनातल्या शंटिंगचा खडखडाटही बरा वाटायचा. माझा कान तयार झाला तो असा, नको तितकं ऐकून. लोक त्याला देणगी वगैरे म्हणतात. मी म्हणत नाही.

पुढे दुकान, मागे दोन खोल्या आणि त्याच्यामागे परसू, एवढंच आमचं घर. परसात एका शेगडीवर लाकूड चिकटवायचा सरस शिजत असायचा आणि आत चुलीवर आमटी. सरसाचा वास म्हणजे काय ते ज्यानं घेतलाय त्यालाच कळेल. आई त्या शेगडीला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू द्यायची नाही, पण वासाला कुठला उंबरा? पाहुणे आमच्याकडे जेवायला नाखूष असत. आम्हाला मात्र त्या वासाशिवाय भाकरी गोड लागायची नाही. अजूनही कुठे सरस शिजताना वास आला की मला ज्वारीची गरम भाकरी, लसणाची चटणी आणि आईची पातळ आमटी आठवते आणि भूक लागते. माळ्यावर भोपळे टांगलेले असायचे, भीमाकाठच्या मळ्यांतून आलेले, वाळून टणक झालेले. वारा सुटला की ते एकमेकांवर आपटत. रात्री घाबरलेल्या पाहुण्यांच्या पोरांना आई सांगायची, "निजा गप, भोपळं हायती."

या घरात सगळ्यात मोठा मान होता तो तात्यांना, म्हणजे माझ्या आजोबांना. ते वारले तेव्हा मी चार वर्षांची होते. मला त्यांचा खोकला आठवतो आणि मांडीवर बसल्यावर टोचणारं धोतर आठवतं, बाकी काही नाही. कृष्णाकाठच्या गावचे ते सुतार. मिरजेत एका वाद्यवाल्या उस्तादांच्या दुकानाची फळी दुरुस्त करायला आले आणि तिथेच राहिले, तानपुरे करायला शिकले, आणि उस्तादांच्या माघारी त्यांचं नाव झालं. लांबलांबचे गवई तात्यांच्या हातचा तानपुरा मागत. नाना, म्हणजे माझे वडील, त्यांचे एकुलते एक. नानांचा हात वाईट होता असं गल्लीत कुणी म्हणायचं नाही. म्हणायचे ते नानाच. गिऱ्हाईक नवा तानपुरा घ्यायला यायचं, छेडून बघायचं, मान डोलवायचं, आणि नाना सांगायचे, "चांगला हाय. पन तात्यांचा आवाज न्हाई." आता सांगा, असं कुठला दुकानदार बोलतो? गिऱ्हाईक चहा पिऊन शेजारच्या दुकानात जायचं. आई आतून कपाळावर हात मारून घ्यायची.

तानपुऱ्याचा आवाज कुठून येतो, असं मला शाळेतल्या मुली विचारायच्या. भोपळ्यातून, दांडीतून, लाकडातून, सगळीकडून येतो. पण त्याला जी एक झणक असते, एक तार छेडली तर आत आणखी दोन-चार सूर बोलल्यासारखे वाटतात, ती जवारी. भोपळ्यावरच्या पातळ लाकडी तबलीवर एक लहानशी घोडी असते, तिच्यावरून तारा जातात. त्या घोडीचा माथा सपाट नसतो, किंचित उतरता असतो, आणि तार त्याच्यावर घासत घासत थरथरते. तो उतार कानशीनं घासून आणायचा. केसाएवढं जास्त गेलं की आवाज फाटतो, कमी राहिलं की बंद होतो. हे मोजायचं माप नाही, नुसता कान आणि हात. आणि तार रोज घासत असल्यामुळे दोन-चार वर्षांत घोडीवर चरे पडतातच. मग पुन्हा कानस लावायची, पुन्हा जवारी काढायची. हे गल्लीतलं शेंबडं पोरही जाणतं.

पण आमच्या घरात नियम होता की तात्यांच्या हातच्या घोडीला कानस लावायची नाही. तात्यांचा तानपुरा दुरुस्तीला आला की नाना तारा बदलत, खुंट्या घट्ट करत, चपड्याच्या पॉलिशचा हात मारत, आणि घोडी फडक्यानं पुसून ठेवत. कुणी म्हटलं, जवारी जरा बसल्यासारखी वाटते, तर म्हणत, "त्यांची जवारी हाय ती. ती मी घासली तर ऱ्हायलं काय?" लोकांनाही ते पटायचं. लोक असे असतात की घोगरा लागलेला तानपुरा घेऊन जाताना डोळ्यांत पाणी आणून म्हणायचे, वा, काय जुना आवाज! मला तेव्हाही हसू यायचं. पण हसले असते तर मार बसला असता.

मुलींनी दुकानात बसायचं नाही असा काही आमच्याकडे दंडक नव्हता, कारण नानांना मुलगा नव्हता आणि कामाला माणूस मिळत नव्हता. आधी मी तारांत सूर जुळवायचे मणी ओवायचे, मग तारा चढवायला लागले. पंधराव्या वर्षी नानांनी माझ्या हातात कानस दिली आणि शाळांना पाठवायच्या स्वस्त तानपुऱ्यांची जवारी माझ्याकडे आली. वर्षभरात मी शंभरेक घोड्या घासल्या असतील, त्यांतल्या पहिल्या वीस बिघडवल्या. नाना मागे उभे राहून ऐकायचे आणि "ऱ्हाव दे आता" एवढंच म्हणायचे. त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी ऐकली नाही.

साताऱ्याला कुमुदिनीबाई म्हणून एक गायिका होत्या. लग्न न करता, गाणं शिकवून राहणाऱ्या, उंच, कडक, अंगावर नेहमी पांढरी नऊवारी. तात्यांनी त्यांना ऐन तरुणपणी एक तानपुरा करून दिला होता आणि त्या त्याच्यावर तीस वर्षं गात होत्या. मी सतरा वर्षांची असताना तो तारा बदलायला आमच्याकडे आला. नाना त्या दिवशी सांगलीला लाकूड बघायला गेले होते. दुपारी गल्ली झोपली होती, आई निजली होती. मी तारा चढवल्या, सुरात लावल्या आणि छेडल्या. काय सांगू, ऐकवेना. घोडीवर बोटाला लागावेत असे चरे पडलेले. तार त्यांत बसून नुसती करवादत होती. एवढं चांगलं लाकूड, एवढा चांगला भोपळा, आणि तोंडात बोळा कोंबल्यासारखं झालेलं.  मी उठून कानस घेतली.

मला भीती वाटली नाही, हे खरं आहे. पाप करतेय असंही वाटलं नाही. मला फक्त तो आवाज मोकळा करायचा होता. तारा बाजूला सरकवल्या, सांबरशिंगाचा तो माथा तास-दीड तास घासला, चरे घालवले, नवा उतार आणला, तारा पुन्हा वर घेतल्या, ऐकलं, पुन्हा घासलं. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवला आणि आवाज उघडला. तो गोल, भरलेला आवाज खोलीभर झाला तेव्हा अंगावर काटा आला. आई जागी झाली, दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "कुनाचा गं?" मी म्हटलं, "शाळंचा." आईनं घोडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि चहा टाकायला गेली.

पंधरा दिवसांनी बाईंचं पत्र आलं. नानांनी ते दुकानात मोठ्यानं वाचलं, शेजारच्यांना बोलावून वाचलं, मग घरात येऊन आईला वाचून दाखवलं. बाईंनी लिहिलं होतं की तानपुरा माझ्या तरुणपणी लागायचा तसा लागतो आहे, तात्यांचा हात तीस वर्षांनीही बोलतो आहे. नानांचे डोळे भरून आले होते. ते मला म्हणाले, "बघ सुशे, नुसत्या तारा बदलल्या आपुन. ह्येला म्हनत्यात हात." मी हो म्हटलं. त्या वेळी सांगायला हवं होतं, हे मला आता साठी उलटल्यावर कळतंय असं नाही, तेव्हाही कळत होतं. पण नाना इतके खूश होते की माझी जीभ उचलली नाही. खरं सांगायचं तर मला थोडी गंमतही वाटली. माझी जवारी तात्यांची म्हणून खपली, याच्यात एक चोरटा आनंद होता.

परवा पुण्याहून दोन मुलं लॅपटॉप आणि माइक घेऊन माझ्याकडे आली होती. जुन्या वाद्यांचा आवाज नव्या कारागिरांना साधतो का, हे त्यांना मोजायचं होतं. परदेशात म्हणे जुन्या व्हायोलिनांचं असंच चालतं, पडद्याआड बसून जुनी आणि नवी वाजवतात आणि जाणकार ओळखायला बसतात. मला त्यांनी विचारलं, तुमचं मत काय? मी म्हटलं, आधी चहा घ्या. मग त्यांना विचारलं की जुन्या तानपुऱ्याची घोडी शेवटची कुणी घासली, याची नोंद आहे का तुमच्याकडे? नव्हती. कुणाकडेच नसते. त्यांनी तबली मोजली, भोपळ्याची जाडी मोजली, आणि पोरं गुणी होती म्हणून मी त्यांना भडंग बांधून दिलं.

तर, बाईंच्या त्या पत्रानंतर तीन वर्षं गेली. तेवढ्यात तो विजेचा डबा आला. बटण दाबलं की चार तारांचा आवाज काढणारा, पिशवीत मावणारा. शाळांनी आणि भजनी मंडळांनी डबे घेतले आणि आमची गल्ली शांत व्हायला लागली. इस्लामपूरकडे एका साखर कारखान्यात आईचा चुलतभाऊ होता, त्यानं नानांसाठी सुतारकामाची जागा बघितली. खुर्च्या, टेबलं, खिडक्यांच्या चौकटी. नाना हो म्हणतील असं मला वाटलं नव्हतं, पण ते हो म्हणाले. नेमकं त्याच महिन्यात कुमुदिनीबाईंचा निरोप आला. त्यांची एकसष्टी होती, शिष्यिणी गाणं करणार होत्या, आणि त्यांना आपल्या तानपुऱ्याला जोड हवी होती. तसाच दुसरा. नमुन्याला म्हणून त्यांनी जुना तानपुराही माणसाबरोबर पाठवला. नाना आईला म्हणाले, "ह्यो शेवटचा. तात्यांच्या शेजारी बसंल असा मला करता आला तर दुकान चालवीन, डबं येऊ देत न्हाई तर आनि काय येऊ दे. न्हाई जमलं तर तीन म्हैन्यांनी पयल्या तारखंला कारखाना." ते बोलले ते साध्या आवाजात, पण मी त्यांना ओळखत होते.  मला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही करायचंही नव्हतं.

नानांनी त्या तानपुऱ्यात घालायचं काही बाकी ठेवलं नाही. इस्लामपुरात एक जुनं घर पाडत होते, तिथून तुणीच्या लाकडाची तुळई आणली. म्हणाले, जुनं लाकूड पायजे. माळ्यावर तात्यांनी स्वतः निवडून टांगलेला एक शेवटचा भोपळा होता, तो उतरवला. दोन महिने ते त्याच्यावर वाकून होते. बोलणं कमी झालं, जेवण कमी झालं. आई ताटात वांग्याचं भरीत वाढायची, ते निम्मं तसंच राहायचं. अंग तयार झालं तेव्हा टिचकी मारून मी ऐकलं. तात्यांच्या तानपुऱ्यापेक्षा तसूभरही कमी नव्हतं, उलट खालचा सूर जास्तच भरीव होता. मग नानांनी घोडी बसवली, जवारी काढली, जुना आणि नवा शेजारी ठेवून छेडले, आणि मान हलवली. घोडी उपटून काढली, दुसरी केली. मग तिसरी. त्यांची जवारी चांगलीच असायची, पण वेगळी असायची. नानांचा हात जरा खुली, टणक जवारी काढायचा आणि माझा गोल. सहावी घोडी काढली तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "मेल्यावर बी हरवतोय म्हातारा."

ते ऐकून मला जे झालं ते मी कधी कुणाला नीट सांगू शकले नाही. माझ्याशी हरत होते ते. स्वतःच्या पोरीशी, जिला त्यांनीच शिकवलं. आणि हरतोय ते तात्यांशी असं समजून दुकान बंद करायला निघाले होते. सहा घोड्या एका पत्र्याच्या डब्यात पडल्या होत्या आणि महिना संपायला नऊ दिवस होते.

मी आईला गाठलं. ती परसात डाळ पाखडत होती. म्हटलं, "आई, ती जवारी तात्यांची न्हाई." आई पाखडायची थांबली नाही. "ठावं हाय मला," म्हणाली.

"मग तू का बोलली न्हाईस?"

"मी काय बोलू? मला वाटलं आज सांगशील, उद्या सांगशील. तीन वर्सं झाली." तिनं सूप खाली ठेवलं. "सांगितलंस तर तात्या जातील त्यांचं. न्हाई सांगितलंस तर दुकान जातंय. तुजं तू बघ. पन बाई, खिडक्यांच्या चौकटी करताना बघवनार न्हाई मला त्यास्नी."

दुपारी नाना सातव्या घोडीचं शिंग कापत होते. मी समोर जाऊन बसले आणि सांगून टाकलं. ते सांगलीला गेले होते तो दिवस, करवादणारा आवाज, कानस, सगळं. सांगताना मी त्यांच्या हाताकडे बघत होते, तोंडाकडे बघायची छाती झाली नाही. हात थांबला.  मग ते म्हणाले, "खोटं बोलतीयास. दुकान ऱ्हावं म्हनून."

"न्हाई नाना."

त्यांनी ती अर्धवट घोडी माझ्या पुढ्यात सरकवली आणि कानस तिच्या शेजारी ठेवली. "कर," म्हणाले.

मी आयुष्यात पुष्कळ जवाऱ्या काढल्या, मोठ्या माणसांच्या तानपुऱ्यांच्या काढल्या, पण त्या दुपारइतकी जिवावर आलेली एकही नाही. नाना समोर भिंतीला टेकून बसले होते. ऊन दुकानाच्या फळीवरून आत आलं आणि परत गेलं. चांगली काढली तर त्यांचे तात्या माझ्या हातानं जाणार होते, आणि बिघडवली तर सगळंच जाणार होतं. एकदा मनात आलंही, की मुद्दाम जरा बंद ठेवावी. पण कान तयार असला की हाताला खोटं करता येत नाही, निदान मला आलं नाही. मी घोडी बसवली, चारी तारा लावल्या, सूत सरकवलं, आणि दोन्ही तानपुरे त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी आधी जुना छेडला, मग नवा, मग दोन्ही हातांनी दोन्ही एकदम. दोन आवाजांचा एक झाला. आई चुलीपासून उठून दारात आली होती. नाना उठले, पायात चपला घातल्या आणि बाहेर गेले. दिवेलागणीला परत आले, जेवले, आणि माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत.

शेवटच्या दिवशी सकाळी मात्र म्हणाले, "चल." आम्ही एस्टीनं साताऱ्याला निघालो, ते खिडकीशी नवा घेऊन, मी शेजारी जुना घेऊन, दोघांच्या मांडीवर दोन गवसण्या. कंडक्टर म्हणाला टपावर टाका, तर नानांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो पुढे निघून गेला. इस्लामपूर आलं, गेलं. कराडला त्यांनी माझ्यासाठी केळी घेतली आणि न बोलता हातात दिली. मला रडू येत होतं आणि भूकही लागली होती. मी केळी खाल्ली.

बाईंच्या घरी बैठकीची खोली थंड होती, शहाबादी फरशी, कोपऱ्यात सतरंजी. त्यांनी आम्हाला पाणी दिलं, साखर-दुधाचा चहा दिला, आणि मग खिडकीकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ फिरवून बसल्या. म्हणाल्या, "कोणता कुठे आहे ते सांगू नका. वाजवा." नाना एकावर, मी एकावर. त्यांनी षड्ज लावला. एकसष्टीला आलेली बाई, पण काय तो षड्ज! थोड्या वेळानं म्हणाल्या, "आता नुसता उजवीकडचा." मग, "नुसता डावीकडचा." मग आम्हाला जागा बदलायला लावल्या आणि पुन्हा ऐकलं. मग त्या वळल्या. चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला वाटलं, सुटलो. "मला ओळखता येत नाही," त्या म्हणाल्या. "तात्याच परत आले म्हणायचे. नाना, तुम्ही जिंकलात."

नाना गप्प बसले असते तर कुणाचं काय बिघडलं असतं? मी मनातल्या मनात त्यांना म्हणत होते, गप्प बसा, गप्प बसा. पण ते सरळ बसले आणि म्हणाले, "बाई, ही जवारी तात्यांची न्हाई. माजी बी न्हाई. दोन्ही हिच्या हातच्या हायती. तुमच्या जुन्या घोडीला हिनं तीन वर्सांमागं कानस लावली, मला न सांगता. तुमी पत्र लिवलं ते हिच्या कामाचं."

बाईंचा चेहरा उतरला. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कुणाला विचारून?"

"कुणालाच न्हाई," मी म्हटलं. "त्याला बोलता येत नव्हतं बाई. चरं पडलं होतं."

त्या उठल्या, जुन्या तानपुऱ्यापाशी आल्या आणि घोडीवरून बोट फिरवलं. मला वाटलं आता दोन्ही परत नेऊन टाका म्हणणार. त्यांनी चारही तारा एकदा छेडल्या. मग अगदी वेगळ्या, लहान आवाजात नानांना विचारलं, "मग तात्यांचा कसा होता हो?"

नानांनी तोंड उघडलं. गल्लीत त्यांच्याएवढा तात्यांचा आवाज कुणाला पाठ नव्हता, जन्मभर त्यांनी दुसऱ्या कशाचं नाव घेतलं नव्हतं. त्यांनी आ केला, सूर धरायचा प्रयत्न केला, थांबले, पुन्हा केला. मग माझ्याकडे बघितलं, आणि मी मान हलवली, कारण मला जो आठवत होता तो चऱ्यांचा आवाज होता, तात्यांचा नव्हे. "मला बी आठवंना," नाना म्हणाले. बाई खाली बसल्या. तीस वर्षं त्या तो आवाज कानाशी घेऊन गायल्या होत्या आणि माझ्या तीन वर्षांनी तो पुसून टाकला होता. मला तेव्हा पहिल्यांदा, आणि चांगलीच, शरम वाटली. आजही थोडी वाटते. पण पुन्हा तशी दुपार आली तर मी पुन्हा कानस उचलेन, हेही खरं.

बाईंनी जोड ठेवून घेतली. निघताना मला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "दोन वर्षांनी येऊन बघून जा. चरे पडले तर घास. मला विचारत बसू नकोस." हातात कंदी पेढ्यांचा पुडा दिला. मी वाकून नमस्कार केला.

परतीच्या वाटेवर इस्लामपूरला एस्टी पंधरा मिनिटं थांबली. नाना उतरले. आईचा चुलतभाऊ स्टँडासमोरच्या एका दुकानात संध्याकाळी बसायचा. मी खिडकीतून बघत राहिले. नाना त्याच्याशी उभ्याउभ्याच दोन वाक्यं बोलले, त्यानं हात उडवले, नानांनी मान हलवली आणि परत आले. येताना उसाच्या रसाचे दोन ग्लास घेऊन आले आणि खिडकीतून एक मला दिला. "न्हाई येत म्हनून सांगितलं," म्हणाले. आठ दिवसांनी ते माझ्याशी बोललेलं पहिलं पूर्ण वाक्य ते. 

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. आईनं भाकरी, मेथीची भाजी आणि दही वाढलं होतं, पेढ्यांचा पुडा मध्ये उघडा होता. नानांनी अर्धी भाकरी संपवली आणि खाली बघतच विचारलं, "तू घासलीस तवा त्या घोडीचा भुसा पडला आसंल. तात्यांच्या घोडीचा."

"पडला होता."

"काय केलंस त्येचं?"

मला वाटलं होतं, आठ दिवसांचा राग आता निघणार. आईचा हात भाकरीच्या टोपलीवर थांबला होता. पण आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "झाडून टाकला, नाना," मी म्हटलं. "उकिरड्यावर."

 नानांच्या डोळ्यांतून पाणी भाकरीवर पडत होतं आणि ते पुसतही नव्हते. मग त्यांनी एक पेढा उचलला, मोडला, अर्धा माझ्या ताटात ठेवला.

"बरं केलंस," म्हणाले. "ठिवला आसतास तर त्योबी पूजत बसलो आसतो मी."